स्टॉप नंबर सहा बावधनला राहायला गेला

भुकूम,
बुधवार, १० डिसेंबर

आदरणीय साडूभाऊ जनार्दनराव यांना,

भुकूमहून कैलासचा नमस्कार. (उभ्यानेच करतोय. वाकून करायचा होता, पण कंबर धरली आहे. कारण पुढे येईलच.) आपली तब्येत ठणठणीत असेल अशी खात्री आहे. असणारच. बावधनची हवा उत्तम आहे, हे वास्तुशांतीच्या दिवशी तुम्ही प्रत्येक पाहुण्याला दोन-दोनदा सांगत होतात, त्यात काही खोटं नसणार. सुलक्षणाताईंचा गुडघा, तुमची शुगर, मृण्मयीची सर्दी, सगळं आटोक्यात असल्याचं मला रोज संध्याकाळी कळतं, कारण दोघी बहिणींचे फोन व्यवस्थित चालू आहेत. बंद पडलंय ते आपलं. या काळात पत्र कोण लिहितं असं तुम्ही म्हणाल. भाऊ, ज्याला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंय आणि ज्याचा फोन दुसऱ्या रिंगला कट होतो, तो लिहितो. हे पत्र पोस्टाने येणार नाही. आमच्या जुईलीच्या दप्तरातून तुमच्या मृण्मयीच्या दप्तरात आणि तिथून तुमच्या हातात, चिकटवलेल्या पाकिटातून, अशी व्यवस्था आहे. कागदावर तेलाचा डाग दिसला तर तो डब्यातल्या भेंडीचा समजावा, माझ्या मनातला नव्हे.

त्या दिवशी मी जे बोललो त्याबद्दल थोडंसं. तुमची गॅलरी बघून मी एवढंच म्हणालो, की इथे एक तर कपडे वाळतील नाहीतर माणूस उभा राहील. हा विनोद होता. आमच्या लातूरकडे वास्तुशांतीला असं काहीतरी बोलायचीच पद्धत आहे, नाहीतर घराला नजर लागते. (ही पद्धत मी आत्ताच काढली, पण असायला हरकत नव्हती.) तुमचे साहेब शेजारी बासुंदी खात होते ते मला माहीत नव्हतं, आणि त्यांना तो विनोद इतका आवडेल हे तर मुळीच माहीत नव्हतं. साहेब हसले, तुम्ही लाल झालात, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या मोबाईलमधून तुमचा फोटो नाहीसा झाला. असो. मोठी माणसं आहात. मोठ्या माणसांचे राग मोठे असतात, गॅलरी कितीही असो.

आता मूळ मुद्दा, म्हणजे शाळेची बस. आठवतंय का, पोरी बालवाडीच्या वयाच्या होत्या, तुम्ही आणि आम्ही इथे भुकूमला एकाच सोसायटीत, एकाच जिन्यावर राहत होतो, तेव्हा ही कासार आंबोलीची शाळा तुम्हीच शोधून काढलीत? मी म्हणत होतो, गल्लीच्या टोकाला शाळा आहे, लेकरू चालत जाईल. पण तुम्ही म्हणालात, तिथे घोडेस्वारी नाही. (या शाळेतही नाही. घोडा आहे, तो माहितीपत्रकावर.) मग बसचा फॉर्म भरायचा दिवस उजाडला आणि तुम्ही, तुमच्या स्वभावाप्रमाणे, शाळेचं गेट उघडायच्या आधी जाऊन उभे राहिलात. मृण्मयीचा फॉर्म पहिला गेला. त्या पहिलेपणाची फळं मी आज खातोय.

कारण असं, की त्या बसवर मुलांना चढवायला-उतरवायला ज्या गोजराबाई आहेत, त्यांना सोसायट्यांची नावं लक्षात राहत नाहीत. यात त्यांची चूक नाही. भुकूमच्या निम्म्या सोसायट्यांची नावं परदेशातल्या डोंगरांवरून आहेत आणि उरलेल्यांची तिथल्या फुलांवरून. बाईंना मुलांची नावं मात्र तोंडपाठ. म्हणून त्यांनी आपल्या सोयीने स्टॉपला मुलांचीच नावं दिली. जिथून ज्या मुलाचा फॉर्म पहिला आला, तो त्याचा स्टॉप. पुढे शाळेत कॉम्प्युटर आला, तेव्हा ऑफिसने गोजराबाईंची वही जशीच्या तशी त्यात उतरवून घेतली आणि त्याला ‘सिस्टीम’ म्हणायला सुरुवात केली. तर सिस्टीममध्ये आपला स्टॉप होता ‘नंबर सहा, मृण्मयी’. पत्ता, मृण्मयीचा. चढणारी मुलं दोन, मृण्मयी आणि जुईली. (सोसायटीतली बाकीची पोरं इतर शाळांना जातात. सकाळी गेटवर नऊ बस येतात, त्यातली एक आपली.) माझ्या मुलीचा स्टॉप तुमच्या मुलीच्या नावाने आहे, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. उलट कौतुक वाटलं. माणूस किती बावळट असू शकतो बघा.

दिवाळीत तुम्ही बावधनला गेलात. शाळेत पत्ता बदलल्याचा अर्ज दिलात. योग्यच केलंत, नियमाने वागणारी माणसं तुम्ही. चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला मी जुईलीला घेऊन नेहमीप्रमाणे गेटवर उभा. बस आली. बस हळू झाली. जुईलीने एक पाय पुढे टाकला. आणि बस पुढे गेली. हळू झाली होती ती आमच्यासाठी नव्हे, स्पीडब्रेकरसाठी. मी हातातली पाण्याची बाटली हलवत पिरंगुटच्या दिशेने तीनशे मीटर पळालो. (पायात स्लिपर, अंगात नाईट पँट. सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आहे, तुम्ही त्या ग्रुपवर अजून आहात, म्हणजे बघितलाच असेल.) शेवटी पुढच्या चौकातल्या कोंडीत बस सापडली. दारातून गोजराबाईंनी अत्यंत प्रेमाने सांगितलं, “सायेब, मला घेता येत न्हाई ओ. तुमचा ठेसन आता बावधनला हाय. हितं मधीच थांबलं की मशीन बोंबलतंय आन् हापिसात कळतंय. डायवरची नोकरी जाईल.” मी म्हटलं, अहो बाई, ती तुमच्यासमोर उभी आहे. त्या म्हणाल्या, “दिसतिया की. लई गुणाची पोर हाय.” आणि कोंडी सुटली.

मग मी शाळेत गेलो. तिथे वाहतूक विभागाला हेमलता मॅडम आहेत. अतिशय गोड बाई. दोन महिन्यांत त्यांनी आवाज चढवलेला मी ऐकला नाही, आणि दोन महिन्यांत माझं काम झालेलंही बघितलं नाही. त्या म्हणाल्या, सर, स्टॉप बावधनला शिफ्ट झालाय. मी म्हटलं, आम्ही झालेलो नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही नाही सर, स्टॉप झालाय; जुईली स्टॉपला जोडलेली आहे ना, अर्जात तसंच आहे. आणि तुमच्या त्या अर्जाची झेरॉक्स काढून माझ्या हातात दिली. मी ती न वाचताच गाडीच्या कप्प्यात कोंबली. स्वतःच्या साडूचं अक्षर काय वाचायचं! मग मी विचारलं, भुकूमला नवीन स्टॉप द्या. तर नियम असा, की नव्या स्टॉपला किमान दोन मुलं लागतात. मॅडमनी निरागसपणे विचारलं, “तुम्हाला दुसरं मूल आहे का सर?” मी म्हटलं, नाही, आणि मॅडम, या सत्रात जमेल असंही वाटत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं.

तेव्हापासून आमचा दिनक्रम ऐका. सकाळी सव्वासहाला मी जुईलीला गाडीत घालतो. भूगावच्या ट्रॅफिकमधून, खड्ड्यांतून (कंबर!) आठ किलोमीटर उलट्या दिशेने बावधनला येतो. सात वाजता तुमच्या गेटसमोर ती बसमध्ये बसते. मग ती बस निघते आणि भूगाव करत साडेसातला कुठे येते? आमच्या गेटसमोर. ऑफिसच्या दिवशी मी तिथून परस्पर हिंजवडीला जातो, म्हणून मला ते बघावं लागत नाही. पण आठवड्यातले दोन दिवस माझं घरून काम असतं, तेव्हा मी परत येताना बरोबर बसच्या मागे असतो. मागच्या काचेतून दोघी पोरी मला हात करतात. मीही करतो. आठ किलोमीटर माणसाने किती हात करावा? भुकूम येतं, मी आमच्या गेटात वळतो आणि माझी मुलगी माझ्या घरासमोरून टाटा करत शाळेला जाते. वॉचमन पहिल्या आठवड्यात विचारायचा. आता नुसता सलाम ठोकतो, वेड्या माणसाला ठोकतात तसा.

दुपारचं याहून सुंदर आहे. दीपमालाची ती पिरंगुटच्या कंपनीतली नोकरी तुम्हाला माहीतच आहे. कंपनीची बस तिला सकाळी पावणेआठला गेटवरून घेते आणि चारला गेटवर सोडते. मोठ्या माणसांची बस गेटवर थांबते, त्याला सिस्टीम लागत नाही. तर चारच्या सुमाराला दोन्ही बस आमच्या गेटसमोर एकामागोमाग एक येतात. कंपनीच्या बसमधून आई उतरते आणि शाळेच्या बसमधून लेक हात हलवत बावधनला जाते. दीपमालाला पहिल्या दिवशी रडू आलं, दुसऱ्या दिवशी हसू आलं, आणि तिसऱ्या दिवसापासून ती माझ्यावर चिडते. का, ते विचारायची सोय नाही. तिच्या मते हा सगळा त्या गॅलरीचा प्रसाद आहे.

आणि मग संध्याकाळी साडेसहापर्यंत जुईली कुठे असते? तुमच्या घरी. सुलक्षणाताई तिला गरम पोळी वाढतात, अभ्यास घेतात, केसही विंचरून देतात, त्यांना माझा खरोखर साष्टांग. मी खाली गाडी लावतो आणि हॉर्न वाजवतो. तुम्ही खिडकीत येता. मी वर बघतो. मग आपण दोघंही आपापल्या मोबाईलमध्ये फार महत्त्वाचं काही आल्यासारखं खाली बघतो. भाऊ, एका घरात माझं लेकरू रोज जेवतं आणि त्याच घराखाली मी रिक्षावाल्यासारखा हॉर्न वाजवतो, हे मला आवडतं असं समजू नका.

एवढं सगळं मी मार्चपर्यंत ओढलं असतं. कंबरेला पट्टा घेतलाच आहे. पण आता खरी अडचण आली. एक जानेवारीपासून आमच्या टीमला ऑस्ट्रेलियाचं काम मिळालंय. त्यांचा दिवस आपल्या मध्यरात्रीच उजाडतो, त्यामुळे मी सकाळी सहाला हिंजवडीत हवा, पाचही दिवस. मॅनेजरला मी बसची गोष्ट सांगितली. त्याने ती नीट ऐकली आणि विचारलं, पण बस घरासमोरून जाते ना? दीपमालाला गाडी येत नाही आणि तिची बस पिरंगुटला जाते. म्हणजे जानेवारीपासून जुईलीला बावधनला पोचवायला कोणी नाही. कासार आंबोलीला थेट सोडायलाही कोणी नाही. आणि परवा शाळेचा मेसेज आला, की येत्या सोमवारी, १५ तारखेला सगळे मार्ग पक्के होणार, त्यानंतर वर्ष संपेपर्यंत बदल नाही. सोमवारपर्यंत स्टॉप भुकूमला आला नाही, तर जुईलीचं नाव काढून तिला गल्लीच्या टोकाच्या शाळेत घालावं लागेल, तेही अर्ध्या वर्षात. चौथीतली पोर आहे, बालवाडीपासून मृण्मयीच्या शेजारी बसलेली. दीपमालाने तिला हे अजून सांगितलेलं नाही. मलाही धीर होत नाही.

बाकी इकडे सर्व क्षेम आहे. तुमच्या जुन्या फ्लॅटमध्ये आलेले लोक चांगले आहेत, चपला दारातच काढतात. तुमची तुळस त्यांनी ठेवली आहे. थंडी सुरू झाली आहे, पट्ट्यामुळे ती कंबरेला कमी वाजते. थोरांस नमस्कार, मृण्मयीला आशीर्वाद, आणि तुम्हाला जे काही चालत असेल ते.

आपला (अजूनही),
कैलास

ता. क. : पत्र कशासाठी लिहिलं ते लिहायचंच राहिलं. सोबत एक अर्ज जोडला आहे. स्टॉप मूळ जागी न्यायचा असेल तर अर्ज ज्याच्या मुलाच्या नावाचा स्टॉप आहे त्या पालकानेच करायचा, असा नियम आहे, म्हणजे तुम्ही. मृण्मयीची अजिबात गैरसोय होणार नाही. तुमच्या गेटपासून चाळीस पावलांवर डेअरीसमोर आधीपासून एक स्टॉप आहे (तो कुणा सौरभच्या नावाचा आहे. सौरभ आता अकरावीला आहे आणि रिक्षाने जातो, पण सिस्टीममध्ये तो अजून तिथेच उभा आहे). तिला तिथून घेतील, मॅडमशी बोलून ठेवलंय. अर्जात ‘कारण’ या रकान्यात ‘पालकाच्या चुकीमुळे’ असं छापूनच आलेलं आहे, दुसरा पर्यायच नाही. ते वाचून तुम्हाला राग येईल हे मला कळतं. पण अर्ज तुम्ही भरलात, माझ्या मुलीला न विचारता तुमच्या मुलीबरोबर बावधनला नेलंत, तेव्हा ते वाक्य इतकंही चुकीचं छापलेलं नाही. सही करावी ही विनंती.

ता. क. २ : वरचा ता. क. वाचला नाही असं समजा. त्याच्या वरचं जे काही तुम्हाला टोचून लिहिलंय तेही. सात पानं पुन्हा लिहायचं त्राण नाही, म्हणून खोडत नाही.

झालं असं, की पुरावा म्हणून तुमच्या अर्जाची ती झेरॉक्सही जोडावी म्हणून आत्ता गाडीतून काढून आणली. पुढच्या बाजूला तुमची सही आहे. मागच्या बाजूला एक रकाना आहे, ‘या स्टॉपवरून ये-जा करणारी इतर मुले’. त्यात लिहिलंय, जुईली. ते अक्षर तुमचं नाही. सुलक्षणाताईंचं नाही, मृण्मयीचंही नाही. उकाराचं शेपूट खालच्या ओळीपर्यंत ओढायचं नाही, म्हणून मी ज्या मुलीवर आजवर शंभरदा ओरडलोय, तिचं ते अक्षर आहे.

मी तिला बोलावलं. आधी म्हणाली, मला नाही माहीत. मग बुटाची लेस सोडत बसली. मग सगळं सांगितलं. तुम्ही सही करून अर्ज मृण्मयीकडे दिला होतात, बाकीचं तू भर म्हणून. दोघींनी तो मधल्या सुट्टीत भरला. मागचा रकाना रिकामा होता, तो हिने भरला. मी विचारलं, का गं बाई? तर म्हणाली, “तुम्ही गाडीत म्हणालात ना, आता त्यांच्या घरची पायरी चढायची नाही.” वास्तुशांतीहून परतताना म्हणालो होतो, भाऊ. रागात. मागच्या सीटवर ती झोपली आहे असं मला वाटलं होतं. तिने हिशेब केला, की पायरी चढायची नाही तर शाळेबाहेर भेटायचं ते बसमध्येच. आणि बस आता बावधनहून भरत येणार. भुकूमला चढलं तर मृण्मयीच्या शेजारी दुसरंच कोणीतरी बसलेलं असणार. म्हणून तिने स्वतःचं नाव बावधनला घातलं. बस तरीही आपल्याच गेटवर येईल, फक्त जागा मृण्मयीजवळची मिळेल, अशी तिची कल्पना. पप्पांची कंबर जाईल हे तिला माहीत नव्हतं, असं ती दोनदा म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो नाही. कंबर धरून खाली बसलो आणि तिच्या दुसऱ्या बुटाची लेस सोडली. दीपमाला म्हणते, दोन महिन्यांत मी पहिल्यांदाच शहाण्यासारखा वागलो.

हेमलता मॅडमचं बरोबर होतं. गोजराबाईंचं बरोबर होतं. तुमचं तर होतंच. माझं चुकलं, गॅलरीचंही आणि पायरीचंही. साहेबांसमोर तुमची मान खाली गेली, त्याची मला लाज वाटते.

ता. क. ३ : सही मात्र करा. सोमवार लांब नाही, आणि जानेवारीचं संकट खरंच आहे. ‘पालकाच्या चुकीमुळे’ यापुढे कंसात माझं नाव लिहा, मॅडम नाही म्हणणार नाहीत. अर्ज न्यायला रविवारी सकाळी मी येतो. हॉर्न वाजवणार नाही, जिना चढून वर येतो. चहा द्यायचा की नाही ते तुमच्यावर.

आणि खरी विनंती ही आहे. मृण्मयीला सांगा, सकाळी बसमध्ये बसलं की शेजारच्या सीटवर दप्तर ठेवायचं आणि भुकूम येईपर्यंत उचलायचं नाही. जागा धरून ठेवायला बसमध्ये बंदी आहे, म्हणून गोजराबाईंना मी आधीच फोन केला. त्या म्हणाल्या, “त्या दप्तराकडं मी बगतच न्हाई, झालं?” जुईलीला मात्र यातलं काही सांगू नका. जागा मृण्मयीने आपण होऊन धरली, असंच तिला वाटू द्या.